उरलेल्या सपाता

चार वाजता डोंगरावर धुकं उतरलं, तेव्हा सराईच्या दारातल्या फळीवर सपातांचा एकच जोड उरला होता. भटकून आलेल्या पाहुण्याने चिखलाचे बूट तिथे काढायचे आणि सपाता चढवून शेकोटीपाशी जायचं, हा अ‍ॅग्नेसचा तीस वर्षांचा नियम. उरलेला जोड पेंडलबरीचा होता. काल जेवताना याच माणसाने चारचौघांत तिच्या मटणाला चामडं म्हटलं होतं, आणि सकाळी वर तोंड करून तिलाच खिंडीची वाट विचारली होती.

"ओढ्यावरचा पूल वाहून गेलाय, हे सांगितलंस ना त्याला?" तिच्या नवऱ्याने, विल्फने विचारलं.

"सांगितलं की. इतकी वर्षं काय झोपा काढल्या मी?"

विल्फने शोधपथकाला फोन लावला. "ओढ्याकडे जाऊ नका, वेळ फुकट जाईल. तो वरच्या कड्यानेच गेला असणार. अहो, अ‍ॅग्नेसने सांगितलंय त्याला. ती कधी विसरत नाही."

अ‍ॅग्नेस सपातांकडे बघत राहिली. एवढा उर्मट माणूस, पण जाताना त्या नीट जुळवून ठेवून गेला होता.

"विल्फ, त्यांना ओढ्याकडे पाठव."

त्याने फोनवर हात ठेवला. "का गं? सांगायला विसरलीस?"

"विसरले नाही," ती म्हणाली. "मुद्दाम सांगितलं नाही."