निळ्या झाकणाची टाकी

लिंबाजीनं पंधरा वर्षांत तीन टेम्पो चालवले. पहिला बीएस-थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमातला, अंगानं राकट. काळा धूर ओकायचा, पण कसलंही डिझेल पचवायचा. बीएस-फोरचा धूर निवळला, मात्र त्याच्या पोटात वायरी आणि सेन्सर शिरले. तोवर अंगणातल्या धुरानं वच्छलाबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, छाती कायमची धरली होती. म्हणून मुलगा हरिओम हट्टानं बीएस-सिक्स घेऊन आला. याला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी होती. तिच्यातलं युरियाचं पाणी धुरातलं विष मारतं, असं शोरूममधल्या अर्पितानं समजावलं. "काका, हे पाणी विकतचंच घाला. दुसरं घातलं तर गाडी आधी वेग धरत नाही, मग एकदा बंद केली की सुरूच होत नाही," असं तिनं दोनदा बजावलंही.

लिंबाजीला हसू आलं. जन्मभर कापसाला युरिया घालणाऱ्याला ही पोर युरिया शिकवणार! टाकी रिकामी होत आली तेव्हा त्यानं पोत्यातला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवला, फडक्यानं गाळला आणि दिला ओतून. हरिओमला सांगितलं नाही. आठ दिवस टेम्पो गुमान पळाला. मग पुढ्यात पिवळा दिवा लागला, इंग्रजीत काहीबाही उमटू लागलं. लिंबाजीनं त्यावर चक्क रुमाल टाकला.

मंगळवारी भर दुपारी वच्छलाबाईला धाप लागली. तोंडात मारायच्या पंपानंही उतार पडेना. हरिओम कामाला परभणीत. लिंबाजीनं तिला शेजारी बसवलं नि पोखर्णीहून टेम्पो परभणीच्या रस्त्याला लावला. पाय तळाला टेकला तरी काटा विसाच्या पुढं जाईना.

"लय जीव घाबरा व्हायलाय," ती म्हणाली. "दुसरी गाडी बघा की."

"आलंच परभणी. धीर धर जरा."

दुसऱ्याला हात केला तर आपली नवी गाडी का चालत नाही, हे सांगावं लागलं असतं. त्या लाजेपायी त्यानं दोन रिकाम्या जीपगाड्या पुढं जाऊ दिल्या. रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकावर इंजिन बंद करून डिझेल वाचवायचं, ही पंधरा वर्षांची सवय. हातानं आपसूक किल्ली फिरवली.

मालगाडी गेली, फाटक उघडलं. टेम्पो काही केल्या सुरू होईना. मागच्या गाडीवाल्यांनी वच्छलाबाईला उचलून आपल्या जीपमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

वऱ्हांड्यात हरिओम बापाच्या खांद्यावर हात ठेवून रडत होता. "सोडत न्हाई मी कंपनीला! नव्या गाडीनं खाल्लं माझ्या मायला." भोवतालचे चार लोकही नव्या गाड्यांना शिव्या घालू लागले. गप्प बसलं असतं तर निभावून गेलं असतं.

"गाडीचा दोष न्हाई, बाळा," लिंबाजी म्हणाला. "त्या टाकीत शेतातला युरिया म्याच घातला. दिवा लागला, तो बी झाकला. तुझी माय दुसरी गाडी बघा म्हणत व्हती."

हरिओमचा हात खांद्यावरून खाली आला.

"किती येळा म्हणली?"

"फाटकापत्तुर म्हणत व्हती. मग तिला बोलता येईना."