दोन बोटं जागा

तिसऱ्या बाटलीतल्या जिवांच्या अंगावर पुन्हा चुना दिसायला लागला, तेव्हा मोजणीबाईने ती गोष्ट तीन दिवस कोणाला सांगितली नाही. चांगल्या बातमीवर तिचा चटकन विश्वास बसत नसे. मुलीचा ताप उतरला तरी पुढचे दोन दिवस ती येता-जाता तिच्या कपाळाला हात लावायची, तशातली ती.

मोजणीबाई हे नाव सरांनी ठेवलेलं. प्रयोगशाळेत तिचं कामच ते. समुद्राच्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि मोजायचं. त्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असतात. झाडांसारखे उन्हावर जगतात, आणि आपण घेतो त्या श्वासातला मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. त्यांच्यातली एक जात अंगभर चुन्याच्या गोल चकत्या लावून हिंडते. कोणीतरी हौसेने सदऱ्याला बाहीपासून पाठीपर्यंत बटणंच बटणं लावावीत, तशी. हवेत धुराचा वायू वाढला की समुद्र तो पितो, पिऊन पिऊन पाणी आंबतं, आणि आंबलेल्या पाण्यात या बिचाऱ्यांना बटणं धड जमत नाहीत. आधी वेडीवाकडी होतात, मग होतच नाहीत. शाळेतल्या मुलांना पाच मिनिटांत समजावता येईल एवढं साधं. त्याची तिला जास्त भीती वाटायची.

थंड खोलीत फळ्यांवर सहा बाटल्या होत्या. वरच्या फळीवर 'आज'च्या तीन, आत्ताच्या समुद्रासारखं पाणी असलेल्या. खालच्या फळीवर 'उद्या'च्या तीन. तिची मुलगी म्हातारी होईल तेव्हा समुद्र जितका आंबट असेल तितकं आंबट पाणी त्यांत. हे उद्याचं पाणी कोपऱ्यातल्या ड्रममध्ये वायू सोडून तयार करायला दीड दिवस लागे. मग ड्रममध्ये आंबटपणा मोजणारा मीटर बुडवून आकडा बघायचा आणि तोटीने बाटल्या तोंडापर्यंत भरायच्या. तोंडापर्यंत म्हणजे झाकण लावताना चार थेंब सांडलेच पाहिजेत. वर जागा राहिली की पाण्यातला वायू तिकडे निसटतो, झाकण उघडलं की बाहेर जातो, आणि उद्याचं पाणी गुपचूप आजचं होऊन बसतं. दर नऊ दिवसांनी जुन्या बाटलीतले थोडे जीव नव्या पाण्यात सोडायचे. असं सहा वर्षं चाललं होतं. त्या जिवांच्या दोन हजारांवर पिढ्या झाल्या होत्या. सरांना एवढंच बघायचं होतं, की इतक्या पिढ्या आंबट पाण्यात काढल्यावर तरी हे पुन्हा बटणं लावायला शिकतात का.

खालच्या फळीवरची पहिली बाटली शिकली नाही. दुसरीही नाही. तिसरी शिकली.

चौथ्या दिवशी तिने सरांना बोलावलं. सर खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. सूक्ष्मदर्शकाची एक काच फिरवली की सगळं काळं होतं आणि अंधारात फक्त चुना चमकतो. सरांनी ती दोनदा फिरवून बघितली.

"मोजणीबाई," शेवटी ते म्हणाले, "हे मला दिसतंय की माझा मोतीबिंदू?"

"दिसतंय सर. मी चारदा मोजलं."

"पाचव्यांदा मोज." मग स्वतःच हसायला लागले. सहा वर्षांत सरांचे दात तिने पहिल्यांदा नीट पाहिले. "निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या. ही बाटली मला हसत घरी पाठवणार बघ."

घरी सांगितलं तेव्हा नवरा भाजी चिरत होता. "म्हणजे आपली पोरगी वाचली म्हणायची," तो म्हणाला.

"असं तोंडाने बोलू नकोस."

"बरं, मनात बोलतो."

पण तिला स्वतःला खरा सुटकेचा निःश्वास टाकता आला तो वेगळ्याच गोष्टीने. तिची चार वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पाळणाघरातून निघताना चपलेचा पट्टा लावता लावता विचारायची, "आई, आज किती चमकले?" एकदा कधीतरी आईचं काम काय म्हणून सांगितलं होतं, ते तिने पक्कं धरून ठेवलेलं. उद्याच्या बाटल्यांमध्ये एकही चमकत नव्हता. पण समोर हे एवढंसं तोंड वर करून बघत असताना शून्य म्हणायला तिची जीभ रेटायची नाही. "शंभर," ती म्हणायची. रोज शंभर. आकड्यांच्या बाबतीत दिवसभर एका ठिपक्याचीही गय न करणारी बाई घरी जाताना धडधडीत खोटं बोलायची आणि मग रस्ताभर मुलीचा हात जरा जास्तच घट्ट धरायची. तिसऱ्या बाटलीने तिची यातून सोडवणूक केली. आता ती खरं सांगायची. आज एकशे चाळीस. आज दोनशे बारा.

"दोनशे बारा म्हणजे खूप?"

"खूप, राणी. खूपच."

सहा महिने असे गेले. सोमवारी वरिष्ठ मंडळी येणार होती, सर त्यांच्यापुढे तिसरी बाटली मांडणार होते, आणि मग हे काम आणखी दहा वर्षं चालणार, हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

शुक्रवारी सकाळी घरातून निघताना मुलीच्या दप्तरातून आवाज येत होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला बुडुक, बुडुक. पाण्याची बाटली अर्धवट भरलेली.

"अगं, पूर्ण का नाही भरली तुझ्या बाबांनी?"

"पूर्ण भरली की बोलत नाही ती," मुलगी म्हणाली आणि मुद्दाम उड्या मारत उतरली.

मुलीला सोडून मोजणीबाई कामावर पोहोचली, कोट चढवला, थंड खोलीत शिरली. सकाळचं पहिलं काम म्हणजे बाटल्या एकेक करून हातात घेऊन हलकेच उलट्यासुलट्या करायच्या, जीव तळाशी बसू नयेत म्हणून. पहिली घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली आणि ती बुडुक करून बोलली.

ती तशीच उभी राहिली. हा आवाज नवा नव्हता. रोजचा होता. आपल्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसा तो कित्येक महिने तिच्या कानांवरून गेला होता. तिने बाटली उजेडात धरली. मानेशी, झाकणाच्या खाली, दोन बोटं जागा.

आठवायला फार कष्ट पडले नाहीत, पडले असते तर बरं झालं असतं. दहा महिन्यांपूर्वी जुन्या ड्रमला तडा गेला आणि नवा आला. मापाने अगदी तसाच, फक्त तोटी थोडी वर. त्यामुळे तळाचं पाणी ड्रममध्येच राहायचं आणि शेवटची, म्हणजे तिसरी, बाटली भरता भरता धार सुकायची. ड्रम तिरका करायची सोय नाही, पाण्यात बुडबुडे जातात. दुसरं पाणी करायचं तर दीड दिवस. घड्याळात साडेपाच, पाळणाघर सहाला बंद, आणि तिथल्या काकू उशीर झाला की मुलीच्या देखतच म्हणायच्या, "आलात का? आम्हाला वाटलं, विसरलात हिला." त्या दिवशी तिने मनात म्हटलं, दोन बोटांनी काय होतंय, पुढच्या वेळी पाणी जास्त करू. पुढच्या वेळीही साडेपाचच वाजले होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तर हाताला तसंच वळण पडलं. मुलीची दुधाची बाटली वर जागा ठेवून भरायची दोन वर्षांची सवय होतीच. बाटली अशी दिसली की डोळ्यांना ती भरलेलीच वाटायची.

वहीत 'तोंडापर्यंत भरली' असा एक रकाना होता. तिने पानं उलटली. तिसऱ्या बाटलीपुढे दहा महिन्यांत तेहतीस वेळा बरोबरची खूण. सगळ्या तिच्या हातच्या, एकसारख्या, सुरेख.

मीटर नेहमी ड्रममध्ये बुडायचा, बाटलीत नाही. आज तिने तो तिसऱ्या बाटलीत बुडवला. आकडा आला तो वरच्या फळीचा. आजच्या समुद्राचा. पुसून पुन्हा बुडवला. चार वेळा.

काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रॉली ढकलत आल्या. "काय गं, तोंड असं का झालंय? पोरगी बरी आहे ना?"

"मावशी, ही तिसरी बाटली..."

"तिसरी होय? तिचा छळवादच आहे मला. बाकीच्या नुसत्या खळखळून निघतात. हिच्या गळ्याशी मिठाची पांढरी रेघ बसते, ब्रशनं घासघास घासायची."

"कधीपासून?"

"झाले की सात-आठ महिने. जास्तच."

"मग बोलला नाहीत ते!"

"मला कोणी विचारलं?" मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तुम्ही सगळे आत डोळा लावून बसणारे. मला वाटलं, तुमचं काहीतरी शास्त्र असेल."

मावशी गेल्या. मोजणीबाई स्टुलावर बसली. ही गोष्ट तिच्याखेरीज कोणाला कळायचं कारण नव्हतं. सोमवारी कोणी बाटलीत मीटर बुडवणार नव्हतं. आज संध्याकाळी पाणी जास्त करून बाटली गच्च भरली असती, तर दोन बोटांचा पुरावाही उरला नसता. सर हसत घरी गेले असते, काम दहा वर्षं चाललं असतं, आणि पाळणाघराच्या दारात तिला दोनशे बारा म्हणता आलं असतं. फक्त ते दोनशे बारा म्हणजे तेच जुनं शंभर असतं, आता छापून आलेलं.

ती सरांच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ड्रम, तोटी, साडेपाच, तेहतीस खुणा.

सर सोमवारची चित्रं लावत होते. "किती वेळा मोजलंस?"

"चार."

"मीटर बिघडला असेल."

"बाकीच्या पाचही बाटल्यांत बरोबर दाखवतोय सर."

सरांनी हातातलं चित्र पालथं ठेवलं. "तुला हे आत्ताच दिसायचं होतं?" ते हळूच म्हणाले, आणि लगेच, "नाही, नाही. तसं नाही म्हणायचं मला." ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "अगं, त्यांना जमलंय असं मी माझ्या नातवाला सांगून बसलोय."

तिला रडू आलं नाही. तिने फक्त कोटाचं बटण लावलं आणि काढलं.

सोमवारची बैठक सरांनी पुढे ढकलून घेतली, पंधरा दिवसांनी. त्यांचा एकच विचार होता. बटणं कमी आंबट पाण्यात परत आली असतील, पण एकदा आल्यावर टिकली तर? शिकलेलं अंगात राहिलं तर? "शक्यता आहे," सर म्हणाले. तिने मान डोलावली. ती शक्यता किती लहान आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

पाणी दीडपट केलं. नवऱ्याला मुलीला आणायला पाठवलं. तिसरी बाटली सर स्वतः धरून उभे राहिले आणि तिने भरली, काठोकाठ, झाकण लावताना पाणी दोघांच्या मनगटांवरून ओघळलं. उलटीसुलटी केली. बाटली गप्प.

तिसऱ्या दिवशी एकशे सत्तर. चौथ्या दिवशी नव्वद, त्यातले निम्मे वेडेवाकडे, कडा कुरतडल्यासारख्या. सहाव्या दिवशी अकरा. जीव मेले नव्हते, वाढत होते, फुटून दोनाचे चार होत होते, आणि प्रत्येक नवी पिढी आधीच्यापेक्षा उघडी निघत होती. नवव्या दिवशी सर येऊन बसले, चष्मा वर केला, डोळा लावला. काच फिरवली. काळं.

"एक आहे," सर म्हणाले. "डावीकडे, खाली. चमकतोय बघ."

तिने पाहिलं. नीट पाहिलं, तिला हवं होतं म्हणून जास्तच नीट.

"धूळ आहे सर."

"खात्री आहे?"

"हो."

सरांनी चष्मा खाली घेतला. "मोजणीबाई, तू चांगली आहेस कामात," ते म्हणाले, आणि ते ऐकून तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

बैठक दहा मिनिटांत आटोपली. सहा वर्षांचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि 'नाही' सिद्ध करायला आणखी दहा वर्षं कोण देणार? थंड खोली दुसऱ्या कोणाला तरी हवीच होती. शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे बाटल्यांत जंतुनाशक ओतायचं काम तिचंच. वरच्या फळीपासून सुरुवात केली. बाकीच्यांसारखीच आता तिसऱ्या बाटलीतही ओतायला जागा नव्हती. आधी थोडं पाणी काढून टाकावं लागलं. दोन बोटं.

मावशींनी बाटल्या धुऊन उपड्या घातल्या. "आता सगळ्या एकसारख्या निघतात," त्या म्हणाल्या.

पाळणाघराच्या दारात ती पावणेसहालाच पोहोचली. काकूंना बोलायला काही सापडलं नाही. मुलगी पायरीवर बसली, उजव्या चपलेचा पट्टा डाव्या हाताने ओढत तिने मान वर केली.

"आई, आज किती चमकले?"

रस्त्यावरून एक बस गेली. मोजणीबाईने खाली वाकून पट्टा लावून दिला, मग दुसऱ्या पायाचाही, जो लावलेलाच होता.

"शंभर," ती म्हणाली.

मुलीने थोडा विचार केला. "आधी पण शंभरच असायचे," ती म्हणाली. "मग मध्ये खूप झाले होते. आता परत शंभर?"

"हो."

"उद्या?"

मोजणीबाईने मुलीचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं. आतली बाटली बुडुक करून बोलली.

"उद्याही शंभर," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरला, तिने "आई, दुखतंय" म्हणेपर्यंत घट्ट.