कोवारिक डॉक्टरांची हिरवी चादर

मित्रांनो, माझ्या अंगावर हिरवे आणि सायीच्या रंगाचे पट्टे आहेत, एका कोपऱ्याला भोक आहे आणि मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग आहे. मी लोकरीची चादर, आता पन्नाशीला टेकलेली. माझी कहाणी ऐकण्याआधी माझा एक दोष जाणून घ्या. मला किळस फार लवकर येते.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका गिरणीत झाला. मेंढीच्या अंगावर होते तोवर काट्याकुसळांची सवय होती. पण गिरणीत मला तीनदा धुतले, पिंजले, कातले, विणले, आणि मी इतकी स्वच्छ झाले की धुळीचा कण बसला तरी अंग चोरू लागले. नेब्रास्कातल्या वेस्लर कॉलेजच्या फुटबॉल संघाचे रंग माझ्या पट्ट्यांचेच, म्हणून माझी रवानगी त्या गावच्या दुकानात झाली. १९६२ च्या शरदात एमिल कोवारिक नावाच्या तरुण डॉक्टरांनी मला घरी नेले. डॉक्टर म्हटल्यावर मला हायसे वाटले. पांढरा कोट, साबणाचा वास, असे काहीतरी मनात आले.

ते गुरांचे डॉक्टर निघाले.

आठवडाभर मी त्यांच्या गाडीत औषधांच्या पेटीशेजारी पडून असे. गाय अडली की डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालत, आणि मग हात पुसायला समोर दिसेल ते ओढत. बहुधा मीच दिसे. एका फेब्रुवारीत त्यांनी थंडीने काकडणारे, नुकते जन्मलेले बुळबुळीत वासरू माझ्यात गुंडाळले. ते माझ्या कोपऱ्याला आचळ समजून चोखत बसले. भोक त्याचेच. शनिवारी सकाळी डॉक्टर मला कुंपणावर झटकत आणि सामन्याला घेऊन जात. स्टेडियम तरी कुठे देवघर होते? मागच्या रांगेतला एक गृहस्थ तंबाखू चघळून कागदी पेल्यात थुंके, आणि वेस्लरला गुण मिळाले की हातात पेला आहे हे विसरून दोन्ही हात वर करी. सॉसेजवरची पिवळी मोहरी, सांडलेली बिअर, कुणाचे शिंकरलेले नाक, सगळे माझ्या वाट्याला आले. पण डॉक्टरांना त्या जागेइतके दुसरे काही प्रिय नव्हते. त्यांनी बत्तीस हंगामांत एकही सामना चुकवला नाही.

त्यांची नात ट्रुडी सहा वर्षांची झाली आणि त्यांच्याबरोबर येऊ लागली. तिची आई दवाखान्यात नर्स होती, शनिवारी तिची कामाची पाळी असे. ट्रुडी त्यांना 'डेडा' म्हणे. त्यांच्या चेक घरात आजोबांना तसेच म्हणत. दोघे अकराव्या रांगेत बसत, चार गुडघ्यांवर मी. मांडीवर खसखशीच्या कोलाच्यांचा डबा. त्या गोड पावांचा चुरा माझ्या विणीत शिरे आणि दिवसेंदिवस टोचत राही.

"चेंडूकडे सगळेच बघतात," डॉक्टर तिला सांगत. "तू त्या पुढच्या पाच जाड्यांकडे बघ. ते जिकडे कलतील तिकडे चेंडू जाणार."

"त्यांना मिळतो का कधी चेंडू?"

"कधीच नाही. नुसत्या धडका खायच्या आणि मागच्याला वाट करून द्यायची."

"मग खेळतात कशाला?"

"तेच तर कळत नाही. म्हणून बघायला येतो."

दोन हंगामांत ती पोर डॉक्टरांच्या आधी डाव ओळखू लागली. "डावीकडे," ती पुटपुटे, आणि चेंडू डावीकडे जाई. डॉक्टर कौतुक तोंडाने करत नसत. डब्यातला मोठा कोलाचे तिच्याकडे सरकवत.

आता १९९४ च्या नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी काय झाले ते सांगते. ट्रुडी अकरा वर्षांची होती. पुढच्या पाचांत अठ्ठावन्न क्रमांकाचा रॉय ऑस्टगार्ड नावाचा मुलगा होता, डॉक्टरांचा फार आवडता. तिसऱ्या सत्रात समोरच्या खेळाडूचे डोके त्याच्या डोक्यावर इतक्या जोरात आदळले की आवाज अकराव्या रांगेपर्यंत आला. रॉय उठला, चालू लागला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळे स्टेडियम खो खो हसले. डॉक्टरही हसले. मग त्यांचे हसू जागच्या जागी विरले.

रॉयला बाकावर बसवले. तो बाकामागे वाकून ओकला. प्रशिक्षक मर्ल डोनेली त्याच्यापाशी गेले, हेल्मेटवर दोन चापट्या मारल्या आणि मैदानाकडे बोट केले. "शाब्बास, अठ्ठावन्न!" आमच्या मागचा तंबाखूवाला ओरडला.

"ट्रुडी, पाय उचल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला तिच्या गुडघ्यांवरून ओढले, पायऱ्या उतरले आणि पासष्टाव्या वर्षी कठडा ओलांडून मैदानाच्या कडेला गेले. त्यांनी रॉयला खांद्याला धरून खाली बसवले, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि मला त्याच्याभोवती लपेटले. त्याने पुन्हा उलटी केली. सगळी माझ्यावर. ती ऊब, तो आंबट वास मला अजून आठवतो. मी आक्रसले. पण डॉक्टरांनी मला आणखी घट्ट आवळले.

"डॉक्टर, जागेवर जा," डोनेली म्हणाले. "मी त्याला बोटं दाखवली. दोन होती, दोन म्हणाला."

"मर्ल, याच्या डाव्या डोळ्याची बाहुली बघ. उजवीच्या दुप्पट झालीय. डोक्यात रक्त साचतंय. रुग्णवाहिका बोलाव."

"हा बैल नाही, डॉक्टर."

"बैल असता तर मालकानं केव्हाच घरी नेला असता."

डोनेलींनी रॉयच्या काखेत हात घातला. तेव्हा डॉक्टरांनी मुलाच्या डोक्यावरचे हेल्मेट हळूच काढले आणि मागे वळून पाहिले. ट्रुडी त्यांच्या पाठोपाठ कठड्यापर्यंत आली होती. त्यांनी हेल्मेट तिच्या हातात दिले. "पळ," ते म्हणाले. "मी बोलावल्याशिवाय बाहेर येऊ नकोस."

हेल्मेटशिवाय कुणाला मैदानात उतरता येत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. ती प्रेक्षकांच्या बैठकीखालच्या बायकांच्या शौचालयात शिरली, कडी लावली आणि हेल्मेट पोटाशी धरून बसली. तिथे पाणी तुंबले होते, आणि बाहेर दोन माणसे दार बडवत होती. तिने नंतर डॉक्टरांना सांगितले, की ती तोंडाने श्वास घेत होती आणि मनात पाढे म्हणत होती.

इकडे लोक हुर्यो करत होते. चाहत्यांच्या क्लबचे अध्यक्ष हार्लन पीट्स, ट्रॅक्टरचे व्यापारी, कठड्याशी येऊन ओरडले, "म्हाताऱ्याला बाहेर काढा! सामना घालवतोय आपला!" आणि हातातली मोहरीची बाटली त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर फेकली. तिचे झाकण उडाले. दहा मिनिटांनी रॉयचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर कलंडले आणि त्याला फिट आली. मग रुग्णवाहिका आली. मोठ्या शहरात नेऊन त्याच्या डोक्याचे ऑपरेशन केले. तो वाचला. पुन्हा खेळला नाही, एक पाय थोडा फरफटत राहिला, आणि त्या दिवसाचे काही त्याच्या स्मरणात उरले नाही. वेस्लर तीन गुणांनी हरले.

तुम्हाला वाटेल, गावाने डॉक्टरांचे आभार मानले असतील. गावाला आठवत होते ते तीन गुण. पुढच्या आठवड्यात कॉलेजचे पत्र आले, की कोवारिकांनी स्टेडियममध्ये येऊ नये. क्लबातल्या शेतकऱ्यांनी गुरांसाठी शेजारच्या गावचा डॉक्टर धरला. एकदा टपालपेटीत मेलेला स्कंक निघाला, तो दुर्गंधी सोडणारा प्राणी. आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले : रॉयच्या खाटेशी डोनेली, हातात फुलांचा गुच्छ.

डॉक्टरांनी मला स्वतः धुतले. डाग गेला नाही. मला वाळत घालताना ते ट्रुडीला म्हणाले, "त्या लोकांची शिसारी येते, हे खरंय. पण बत्तीस वर्षं मीसुद्धा 'ऊठ, ऊठ' म्हणून ओरडत होतो. तेव्हा किती पोरांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, कुणी बघितलं?"

"आता तुला फुटबॉल आवडत नाही?"

"आवडतो गं. तोच तर त्रास आहे."

रॉयचे आईवडील त्याला घेऊन डकोटात काकाकडे राहायला गेले. तोवर डॉक्टर रोज त्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यात फोन करून तो कसा आहे ते विचारत. नाव विचारले तर "वासरांचा डॉक्टर" म्हणून फोन ठेवून देत. ट्रुडी चिडे. "त्याला खरं कळायला नको?"

"तो जगला ना. आधीच डोकं दुखतंय त्याचं, त्यात माझं नाव कशाला कोंबायचं?"

त्यानंतर शनिवारी आजोबा आणि नात पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर मला अंथरून बसत. तिथून निम्मेच मैदान दिसे. उरलेल्या निम्म्यात काय झाले ते लोकांच्या गलक्यावरून ओळखायचे. ट्रुडी शिकायला दूर जाईपर्यंत हे चालले. पुढे डॉक्टर एकटेच मला घेऊन जात, आणि रविवारी फोनवर तिला सगळा सामना सांगत, न दिसलेल्या अर्ध्यासकट.

२००६ मध्ये डॉक्टर गेले. चर्चच्या सभागृहात जेवणे चालू असताना पीट्स ट्रुडीच्या आईपाशी आले, टोपी हातात घेऊन. "झालं गेलं विसरू या. क्लबच्या नव्या दालनात डॉक्टरांची आठवण ठेवायचीय," ते म्हणाले. आईला वाटले, उशिरा का होईना, माणसाला पश्चात्ताप झाला. तिने मला दिले.

मित्रांनो, त्यानंतरची चार वर्षे मी ज्या किळसेत काढली, तिच्यापुढे गोठा काहीच नव्हता. मला रसायनांत बुडवले, इस्त्री केली, अंगावर फुलांच्या वासाचे पाणी शिंपडले. डाग दिसू नये अशी घडी घालून काचेच्या पेटीत ठेवले. शेजारी पितळी पाटी लावली : 'निष्ठावान चाहते डॉ. एमिल कोवारिक. प्रशिक्षक डोनेली यांच्या सूचनेवरून त्यांनी जखमी खेळाडूला ही चादर पांघरली.' क्लबची माणसे माझ्यासमोर कोंबडीचे पंख खात आणि ती पाटी पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवत. त्यांचे तेलकट श्वास काचेवर बसत. मला तोंड असते तर मी तिथेच ओकले असते.

२०१० च्या शरदात डोनेलींच्या सत्काराला क्लबने पुष्कळांना बोलावले. रॉय ऑस्टगार्डलाही. आईला भेटायला आलेली ट्रुडी तिच्याबरोबर आली. ती आता शाळेत गणित शिकवत होती. तिने पाटी वाचली, आणि पुन्हा वाचली.

"हार्लन काका, हे कुणी लिहिलं?"

"समितीनं. चांगलंच लिहिलंय की आजोबांबद्दल."

"कोचनं सांगितलं, असं लिहिलंय."

"अगं, लोक इथं आनंदानं येतात. त्यांना जुनी भांडणं कशाला वाचायला द्यायची?"

"तुम्ही त्यांच्या पाठीवर मोहरीची बाटली फेकलीत. त्यांचा कोट मी धुतलाय."

पीट्स हसले आणि इकडे तिकडे पाहू लागले. मागे एक धिप्पाड माणूस उभा होता, तो एक पाय किंचित फरफटवत पुढे आला. रॉय. तो ओठ हलवत सावकाश वाचत असे. त्याने पाटी वाचून संपवली.

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाही," तो ट्रुडीला म्हणाला. "मला इतकंच सांगितलं, की कोचनं मला बाहेर काढलं. तुम्ही कोण?"

"मी तुमचं हेल्मेट पळवलं," ट्रुडी म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. दोन बोटे, बाहुली, बैल, शौचालयाची कडी. तिची आई मान हलवत होती. रॉयने मध्ये एकदाच विचारले, "ते आहेत?"

"चार वर्षांपूर्वी गेले."

रॉयने पेटीची काच दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली आणि मला बाहेर काढले. "ती क्लबची आहे, रॉय," पीट्स म्हणाले. रॉयने माझी घडी मोडली. डाग वर आला. त्याने तो अंगठ्याने चाचपला.

"ही घाण माझी ना?" त्याने विचारले.

"हो," ट्रुडी म्हणाली.

"मग माझा हक्क तुमच्यापेक्षा जास्त आहे," तो पीट्सना म्हणाला आणि मला काखोटीला मारून सरळ डोनेलींच्या खुर्चीकडे गेला. छायाचित्रकार तयारच होता. डोनेलींनी हात पुढे केला. रॉयने तो घेतला नाही.

"कोच, दर नाताळला मी तुम्हाला पत्र लिहिलं. सोळा पत्रं. एकेक लिहायला मला आठवडा लागतो."

"हो हो, मिळाली की. फार छान वाटायचं."

"ती परत द्या. ती दुसऱ्या माणसाची होती."

डोनेली पीट्सकडे बघू लागले. पीट्स जमिनीकडे.

पत्रे पाचव्या दिवशी ट्रुडीच्या आईच्या घरी आली, खोक्यात, वर चिठ्ठीसुद्धा नाही. रॉय गावातच थांबला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने खोके उलटे केले. सोळांपैकी अकरा पाकिटे फोडलेलीच नव्हती. ट्रुडीच्या तोंडून एक शिवी गेली, आणि आईने तिला टोकले नाही. मी खुर्चीच्या पाठीवर होते. मला किळस आली, आणि मित्रांनो, ती मी अजून पुसू शकलेले नाही.

रॉयने पहिले पाकीट सुरीने नीट उघडले. तो अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागला. कागदावर 'प्रिय कोच' असे लिहिले होते. त्याने 'प्रिय डॉक्टर' असे वाचले. अकराही पत्रे त्याने तशीच वाचली, आणि दुपार कलली तरी कुणी उठले नाही.

आता मी ट्रुडीकडे असते. मित्रांनो, ज्यांनी तुम्हाला एखादी आवड दिली, त्यांच्या वस्तू तुमच्या घरात असतील. त्या वापरा, फाटल्या तर शिवा. पण त्यांची आठवण कुणाला धुऊन, इस्त्री करून देऊ नका. कुणी तिच्यावर खोटी पाटी लावली, तर ती उखडून काढा. समारंभ चालू असला तरीही.