दोरा हलका झाला की

१९७३ साली, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, माझी वहिनी वायनेल आमच्या बास मासे धरणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत उतरली. अलाबामाच्या आमच्या कोपऱ्यात तोवर अशा स्पर्धांना बायका यायच्या त्या मासे तळायला. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, आणि त्या दिवशीही कढईपाशीच उभी होते.

माझा थोरला भाऊ कार्लटन आदल्या वर्षी हृदयविकाराने गेला. मागे राहिली वहिनी आणि त्याची सोळा फुटी बोट. दफनाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच क्लबची माणसं एकेक करून दारात यायला लागली. प्रत्येकाच्या हातात बायकोने दिलेला केक, आणि बोलणं फिरून फिरून बोटीवर. वहिनी केक ठेवून घ्यायची आणि सांगायची, "बोट विकायची नाहीये. मला लागते ती."

लग्न झाल्यापासून ती कार्लटनबरोबर गंटर्सव्हिलच्या तलावावर बास मारायला जात होती. तिला त्याच्यापेक्षा जास्त मासे लागतात, हे कार्लटन स्वतःच सगळ्यांना सांगायचा. लोक त्याला बायकोवेडा म्हणून हसायचे.

फेब्रुवारीत ती मला सोबत घेऊन क्लबच्या सभेला गेली. सभा पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत व्हायची. अध्यक्ष होता हॉइट टिडमोर, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, थोराड अंगाचा, आवाज त्याहून थोराड. वहिनीने सभासद होण्याचा अर्ज टेबलावर ठेवला. हॉइटने तो उलटा करून पाहिला, जणू मागे काही गंमत लिहिली असेल.

"मिस वायनेल, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," तो म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात. "पण आमच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून पडतात. दिवसभर एका बोटीत परका पुरुष आणि परकी बाई. आता समजा, मध्येच त्या पुरुषाला... जावं लागलं तर?"

"कुठे?"

हॉइट कानापर्यंत लाल झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "मिस वायनेल, त्याला दर तासाला लागते!" खोली हसून हसून कोसळायची बाकी राहिली.

"कॉफीचा एक रिकामा डबा आणि पाठ फिरवण्याइतकी अक्कल," वहिनी म्हणाली. "दोन्ही मी घरून घेऊन येईन."

हसू ओसरल्यावर हॉइटने अट घातली. एप्रिलच्या स्पर्धेत पाहुणी म्हणून यायचं. जोडीदारापेक्षा तिच्या माशांचं वजन जास्त भरलं, तर सभासदाचं कार्ड. नाही भरलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"लिहून ठेवा," वहिनी म्हणाली.

घरी येताना गाडीत ती मला म्हणाली, "नेल्डा, त्या तलावावर माझी वीस वर्षं गेली. मी कोणाची तरी विधवा म्हणून तिथे जाणार नाही. माझ्या नावाने जाईन."

स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी गार वारं सुटलं आणि आभाळ धुतल्यासारखं निळंभोर झालं. गळ टाकणाऱ्याला याहून वाईट हवा नाही. मासा तळाशी पाणगवतात दडून बसतो आणि तोंड उघडायला आळस करतो. शुक्रवारी, आम्ही दोघी कामाला होतो ती गिरणी सुटल्यावर, आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. समोर लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या, आत मऊ प्लॅस्टिकची बोटभर लांब गांडुळं. गढूळ पाण्यासाठी काळी, नितळ पाण्यासाठी आरपार दिसणारी, आणि अधल्यामधल्या पाण्यासाठी जांभळी. वहिनीने दोन्ही बरण्यांत वर जांभळी काढून ठेवली.

गांडूळ गळाला लावण्याची तिची रीत मी पाहून पाहून पाठ केली होती. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीसारखं शिसं ओवायचं. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून घालून बाहेर काढायचं, गळ उलटा फिरवायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या पोटात लपवायचं, म्हणजे गवतात अडकत नाही. एरवी ती जड शिसं घ्यायची. त्या दिवशी तिने सगळ्यांत हलकं उचललं, आणि ते गांडुळापासून सुटून पुढे पळू नये म्हणून भोकात आगपेटीची काडी मोडून घट्ट बसवली.

"एवढं हलकं? तळाला जायला दुपार होईल," मी म्हटलं.

"होऊ दे की. उद्या तळाशी कोणालाच घाई नाहीये."

शनिवारी पहाटे धक्क्यावर टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या. वहिनीच्या नावासोबत निघाला खुद्द हॉइट. त्याचा चेहरा पाहून लोकांनी शिट्ट्या मारल्या. बोट त्याची, म्हणून पुढची जागा त्याची. पुढचा माणूस जिथे गळ टाकून झाला, तेवढंच उष्टं पाणी मागच्याला मिळतं. वहिनी निमूट मागे बसली.

तलावात काय झालं ते मला पुढे त्या दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं आणि पुष्कळदा. दोघांच्या सांगण्यात जे जुळलं तेवढंच लिहिते.

अकरा वाजेपर्यंत वहिनीकडे तीन मासे होते आणि हॉइटकडे एकही नाही. तो चमकणारी, खुळखुळणारी लाकडी आमिषं भराभर फेकत होता. शेवटी वैतागून त्याने आपला नवा कोरा, पाच कप्प्यांचा आमिषांचा डबा उघडला, गांडुळांचा कप्पा ओढला आणि थांबला. दोन आठवड्यांपूर्वी मोठ्या हौसेने रंगवार लावलेली गांडुळं वितळून एक झाली होती. काळं, लाल, जांभळं, सगळं चिकट आणि सरमिसळ. कप्प्याचा तळसुद्धा मऊ पडून खाली लोंबत होता.

"दुकानदाराने सांगितलं नाही का रे?" वहिनी म्हणाली. "तसल्या कडक प्लॅस्टिकला ही गांडुळं खातात. कार्लटनचा डबा असाच गेला होता. तेव्हापासून मी काचेत ठेवते."

वहिनीने पायाने एक बरणी त्याच्याकडे सरकवली.

"मिस वायनेल, आपली अट आहे."

"माहीत आहे. मला जिंकायचंय ते हॉइट टिडमोरकडून. वितळलेल्या डब्याकडून जिंकले असं गावाला सांगू?"

त्याने बरणी घेतली. पुढच्या तासात त्याचे दोन मासे आमिष तोंडात घेऊन सोडून गेले आणि त्याला पत्ताही लागला नाही. गांडुळाचं शेपूट तेवढं तुटून यायचं. वहिनीला ते बघवेना.

"तू हिसक्याची वाट बघतोयस," ती म्हणाली. "आज हिसका बसणार नाही. दोरा बोटावर घे. काठीकडे बघू नकोस. बोटाला शिशाचं वजन लागतंय ना? ते एकदम नाहीसं झालं की समज. मासा गांडूळ घेऊन तुझ्याकडेच येतोय. दोरा हलका झाला की मोजू नको, विचार करू नको, ओढ."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मोज्यांनी."

ते खरंच होतं. बावीस वर्षं ती मोज्यांच्या गिरणीत टोकं शिवायच्या यंत्रावर होती. फिरत्या तबकडीच्या सुयांवर मोज्याचा एकेक टाका चढवायचा, दिवसाला शेकडो डझन. सूत तुटायच्या आधी क्षणभर ढिलं पडतं, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आत बोटाला कळावं लागतं. गिरणीतल्या आम्हा सगळ्यांनाच ते कळायचं. त्याचा तलावात उपयोग करणारी ती एकटी.

दुपारी हॉइटला तीन मासे लागले. वहिनीचे पाच झाले. परतायला पाव तास उरला असताना हॉइटचा दोरा हलका झाला आणि त्याने ओढलं. वर आला तो सहा पौंडांच्या वरचा मासा होता. बोटीपाशी आल्यावर त्याने गवतात बुडी मारली. हातजाळी वहिनीच्या हातात होती. तिने हिशेब तिथेच ओळखला असणार. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, गवतासकट, तिने तो मासा त्याच्यासाठी वर उचलला.

धक्क्यावर वजन झालं. वहिनीचं बारा पौंड दोन औंस. हॉइटचं बारा पौंड पाच औंस.

मी कढई सोडून धावले. "तू त्याला गांडुळं दिलीस? वर शिकवलंस? आणि जाळीसुद्धा?"

"मासे जळतील, नेल्डा," ती म्हणाली आणि आपल्या बरण्या गोळा करायला लागली. मान ताठ होती. ओठ तेवढे घट्ट मिटलेले.

मग हॉइट वजनाच्या टेबलावर चढला. हातात तो डबा. त्याने तो सगळ्यांसमोर उपडा केला. काहीच पडलं नाही. वितळलेला गोळा आतच चिकटून राहिला.

"बघून घ्या," तो गरजला. "हा तुमचा अध्यक्ष. तीन औंसांनी जिंकलो, ते हिच्या गांडुळांवर, हिच्या अकलेवर आणि हिच्या जाळीतून. मला घरी जाऊन झोप लागायची नाही. मला मे महिन्यात पुन्हा सामना पाहिजे, माझ्या स्वतःच्या गांडुळांवर. आणि आपल्या नियमाप्रमाणे सामना सभासदाशीच होतो. हात वर करा."

"मी दयेचं कार्ड घेणार नाही, हॉइट," वहिनी म्हणाली. "अट ती अट."

"दया कसली? मला तुम्हाला नीट हरवायचंय!"

लोक हसले, पण हात वर होत गेले. दोन सोडून सगळे. वहिनी हातांकडे बघत राहिली, प्रत्येकाकडे, सावकाश. मग टेबलापाशी गेली आणि तिने पेन मागितलं. तेलकट हातांनी मी टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या भावाची मला इतकी आठवण आली की मला पुढचं दिसेना.

मे महिन्यात तिने हॉइटला दोन पौंडांनी हरवलं.

हॉइट पुढे चौदा वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला. दर वसंतात आपल्या बोटीत नवशिक्यांना बसवून दोरा बोटावर घ्यायला शिकवायचा आणि कोणाकडून शिकलो ते न चुकता सांगायचा. झोपेतच गेला बिचारा. हात वर न केलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्या गावी गेला. दुसऱ्याने वहिनीच्या हाताखाली खजिनदार म्हणून तीन वर्षं काम केलं. गिरणी बंद पडली, आता तिथे गाद्यांचं गोदाम आहे. मी क्लबात कधीच गेले नाही. मला पोहता येत नाही आणि जिवंत मासा हातात धरवत नाही. त्र्याऐंशी वर्षांची झाले, अजून एकटी राहते.

वहिनी दोनदा क्लबची अध्यक्ष झाली. १९९८ च्या शरदात, सत्तराव्या वर्षी, तीन आठवड्यांच्या आजाराने गेली. तिला न्यायला क्लबचे एकतीस सभासद आले होते. क्लबच्या खोलीतल्या फळीवर सभासदांची नावं कोरतात. तिच्या नावानंतर आजवर अकरा बायकांची नावं चढली आहेत. मी परवाच जाऊन मोजली. शेवटचं नाव हॉइटच्या नातीचं आहे.