दुपारी एक ते चार

मी एक जुनं शटर आहे, मित्रांनो. वाकलोय, काळवंडलोय आणि भंगारवाल्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. तेवीस वर्षं मी सदाशिव पेठेत भीमरावांच्या बाइंडिंगच्या दुकानाला होतो.

नवा होतो तेव्हा चकचकीत निळा होतो. वर जाताना फार कुरकुरायचो. मग भीमरावांची बायको शालू मला तेल द्यायची.

"बघ, तेल पाजलं की गप्प बसतं," भीमराव म्हणायचे. "नाहीतर तू!"

"मला कधी पाजलंत?" शालू विचारायची.

दुपारी एक ते चार भीमराव मला खाली ओढून आतच आडवे व्हायचे. थिसिसवाली मुलं मला बडवून त्यांना उठवायची. त्यांनी पाटी लावली : 'दुपारी १ ते ४ बंद. शटर वाजवू नये.' मुलं तरीही वाजवत. मग शालू घरी जाताना बाहेरून कुलूप घालू लागली. कुलूप दिसलं की गिऱ्हाईक परत फिरे. शेजाऱ्यांनाही वाटे, भीमराव जेवायला घरी गेले.

एकदा शालू कुलूप घालत असतानाच अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला आले. "आत माणूस आणि बाहेर कुलूप? अजिबात चालणार नाही. आणि मागच्या दारात हे गठ्ठे कसले?"

"न नेलेले थिसिस आहेत, साहेब. लिहिणाऱ्यांना नकोत, मला फेकवत नाहीत."

"दार मोकळं करा. आजच."

"करतो की. जरा चार वाजू द्या."

ते राहूनच गेलं.

मार्चमध्ये शालू बहिणीकडे कात्रजला गेली. किल्ली तिच्या पिशवीत. अडीचच्या सुमारास आत वायर पेटली. माझ्या फटींतून धूर येऊ लागला, तशी माणसं धावली. समोरचे चहावाले उत्तरेश्वर ओरडले, "घाबरू नका, कुलूप आहे! आत कोणी नाही!"

आतून भीमरावांनी मला दोनदा धक्का दिला.

"पत्रा तापलाय, म्हणून वाजतोय," कोणीतरी म्हणालं.

तिसरा धक्का आलाच नाही. बंबवाल्यांनी कुलूप तोडलं, पण फार उशीर झाला होता. चोर अडवायला बनवलेल्या मी घरच्याच माणसाला अडवलं.

मित्रांनो, आत माणूस असेल तर बाहेरून कुलूप घालू नका. मागचं दार मोकळं ठेवा. आणि बंद शटर आतून वाजलं, तर थांबून ऐका.

आता तिथे आतूनही उघडणारं शटर आहे. दुकान शालू चालवते. भंगारवाला सांगत होता, तिनं पाटी बदलली आहे :

'दुपारी १ ते ४ बंद. आत माणूस आहे. शटर वाजवलं तरी चालेल.'