काकांचं रडणं

गीतांजली अमरावतीच्या राजापेठेत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. गेल्या वर्षी तिनं स्वतःचा चाळीस मिनिटांचा हेरपट केला. त्यात सुटाबुटातली मारामारी होती आणि गुप्तहेर खात्यातल्या साहेबांची यथेच्छ टिंगल होती. म्हाताऱ्या हेराचं काम तिनं ओळखीच्या सहदेवकाकांना दिलं. काका चांदूर बाजारकडचे, झेंडू पिकवून अमरावतीत विकणारे. साठी ओलांडली होती, तरी छत्रीनं चार जणांना लोळवायचा प्रसंग त्यांनी महिनाभर घोटला.

सिनेमाच्या शेवटी हेराचा साथीदार गोळी लागून मरतो. त्याचं डोकं मांडीवर घेऊन काका असे रडले की कॅमेरेवाला कॅमेरा थांबवायचं विसरला.

"मले माहा भाऊ आठवला," डोळे पुसत ते गीतांजलीला म्हणाले. "कोरोनात गेला तो. त्याचं तोंडही पाहू नाही देल्लं."

एडिट करताना तिला तो प्रसंग जड वाटू लागला. तिनं त्याखाली बँडची उडती चाल टाकली आणि रक्ताच्या जागी संथपणे उडणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या दाखवल्या. काकांना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. तिनं सांगितलं नाही.

अमरावतीतल्या पहिल्या खेळाला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, बायको माणिकबाईंसोबत पुढच्या रांगेत बसले. त्या प्रसंगाला अख्खा हॉल खदखदून हसला, शिट्ट्या पडल्या. काकांनी मागे वळून पाहिलं, मग तेही हसले. माणिकबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गीतांजली फुलबाजारात गेली.

"काका, ती चाल मी जाणूनबुजून टाकली. तुमी कोणासाठी रडले ते मले माहीत होतं."

काका हार ओवत राहिले. "लोकं हासले, म्हंजे सिनेमा चालला."

"तुमाले वाईट वाटलं का?"

"हे मले काहून इचारून रायली?"

ती खाली बघत म्हणाली, "मी ते काढतो."

"काढ. पण आता मले बलावू नको."

अकोल्याच्या लघुपट महोत्सवात तिनं तो प्रसंग संगीत आणि पाकळ्या काढून दाखवला. कोणी हसलं नाही. तिथं सिनेमाची लय तुटते, असं परीक्षक म्हणाले आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही, पण मन हलकंही झालं नाही. बाहेर येऊन तिनं काकांना फोन लावला. माणिकबाईंनी उचलला.

"ते वावरात हायेत," त्या म्हणाल्या. "काई निरोप हाय का?"

"त्यायले सांगा, आज कोणी हासलं नाही," गीतांजली म्हणाली.