डावखुरी गाठ

बंदर सोडताना बोटीवरच्या गाठी एकेक करून सुटत गेल्या आणि लेक बघत राहिली. शिडावरच्या कापडाची, वल्ह्यांची, पाण्याच्या पिंपांची, अगदी ओट्याशी बांधून ठेवलेल्या किटलीचीसुद्धा. सगळ्या गाठी बाबांच्या हातच्या. दुखणं अंगावर काढत त्यांनी काकांबरोबर समुद्र ओलांडला होता, आणि पलीकडे पोचल्यावर दवाखान्यात जायच्या आधी बोट नीट आवरून, बांधून ठेवली होती. "आलोच," म्हणाले होते. ते काही आले नाहीत. आता आई, काका आणि ती, तिघं मिळून बोट घरी घेऊन निघाली होती.

एक गाठ तेवढी शिल्लक होती. बोटीच्या पुढच्या टोकाच्या खोलीत वादळी शिडाची पिशवी होती, तिच्या तोंडाशी. हे शीड छोटं, जाड कापडाचं. वारा फारच माजला तर लागणारं. लेकीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "त्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही."

"वाऱ्यालाही सांगून ठेव तसं," आई म्हणाली होती. पण पिशवीवर पाण्याचा डबा कलंडेल म्हणून डबा मात्र तिनेच दुसरीकडे हलवला.

बाबा डावखुरे. त्यांच्या गाठी सगळ्या उलट्या. इतरांनी सवयीने जे टोक ओढावं, ते ओढलं की गाठ सुटायच्या ऐवजी करकचून बसायची. त्यामुळे आईचा सगळा संसार एका हाकेवर चालला होता. "अहो, या जरा! सोडा तुमची गाठ!" मग बाबा हातातलं काम टाकून यायचे, काहीतरी मोठं विघ्न टाळल्यासारखा चेहरा करायचे आणि दोन बोटांनी गाठ सोडायचे. या प्रवासात काकांनी एकेक गाठ सोडली ती अर्धा अर्धा तास घाम गाळून, भावाला प्रेमाने शिव्या घालत.

हवा इतके दिवस शहाण्यासारखी वागत होती. काका सुकाणूवर बसून घोरायचे आणि "मी डोळे मिटून विचार करतोय, वहिनी," म्हणायचे. आई हलत्या चुलीवर भाताचं पातेलं एका हाताने धरून ठेवायची. लेक डोलकाठीला टेकून पाण्याकडे बघायची. रडायला जागाच नव्हती. बोटीत कुठेही रडलं तरी दोन माणसांना ऐकू जातं.

मग एका दुपारी क्षितिज काळवंडलं आणि वाऱ्याने एकदम आवाज बदलला. बोट इतकी कलली की किटली ओट्यावरून निसटली.

"पुढचं शीड उतरवा!" काका ओरडले. त्यांना सुकाणू सोडता येत नव्हतं. "छोटं काढा, छोटं! वहिनी, लवकर!"

मायलेकींनी पुढचं मोठं शीड ओढून खाली घेतलं, कसंबसं गुंडाळलं, आणि आई धडपडत खाली गेली. लेक मागोमाग पोचली तेव्हा आईचं घाईघाईत टोक ओढून झालं होतं. उजवीकडचं.

"मेली आणखीच बसली," आई म्हणाली. तिने मग लेकीच्या कमरेच्या सुरीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. "बाजूने कापते. दोर काय, दुसरा आहे. गाठ आहे तशी ठेव तुझ्यापाशी."

लेकीने सुरी काढलीही. दोर कापला की गाठ तिची झाली असती, घट्ट, मुठीत मावणारी, कायमची. वरून काकांच्या हाका येत होत्या. ती गाठीकडे बघत राहिली आणि तिला आठवली ती बाबांची मांडी. लहानपणी तिथे बसवून, तिच्या हातांवर आपले हात ठेवून ते म्हणायचे, "बांधायचं नंतर. आधी सोडून दाखव."

तिने सुरी आईकडे दिली, खाली बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. आई कण्हल्यासारखं काहीतरी म्हणाली, पण थांबली. लेकीने डाव्या हाताने दोर मागे रेटला, अंगठ्याने मधला वेढा सैल केला. एक धक्का बसला, डोकं फळीवर आपटलं. पुन्हा रेटला. गाठ सुटली. हातात नुसता दोर राहिला, जिथे वळला होता तिथे जरा चपटा.

"चल," ती म्हणाली.

छोटं शीड चढलं तशी बोट सावरली. काका भिजून चिंब झाले होते, तरी म्हणाले, "मी म्हटलं, तुम्ही दोघी खाली जेवायला बसलात की काय." कुणी हसलं नाही. मग आई हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर धरला. बराच वेळ काढला नाही.

वारा निवला. शीड उन्हात वाळलं, घडी होऊन पिशवीत गेलं. पिशवीचं तोंड लेकीने बांधलं, फारसा विचार न करता, आणि सुकाणूवर जाऊन बसली. या प्रवासात दोर बांधायचं-सोडायचं काम काकांकडे होतं; तिने पहिल्यांदाच काही बांधलं होतं.

थोड्या वेळाने खालून खुडबूड ऐकू आली. आईला वाळत घातलेली शिडाची एक दोरी सापडली होती, ती पिशवीत टाकायची होती. बरीच ओढाताण झाली. काकांनी एक डोळा उघडला.

"अगं, ये जरा!" आईची हाक आली. पुढचं बोलायला तिला थोडा वेळ लागला. "सोड तुझी गाठ!"

लेकीने सुकाणू काकांच्या हातात दिलं आणि खाली गेली.